पोचलीस की फोन कर

(मंडळाच्या साहित्य कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'लेखक' अशी करून दिली. मागच्या रांगेत माझी बायको बसली आहे, ती का हसली ते सांगतो. मी लेखक वगैरे काही नाही. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि 2015 पासून न्यू जर्सीत आयटी कन्सल्टंट म्हणून नोकरी करतो. क्लायंट बदलतात, प्रोजेक्टं बदलतात, बॅजवरचा फोटो मात्र 2015 चाच आहे. चाळिशीला एक वर्ष उरलंय. या वयात आपल्यातली माणसं मॅरेथॉन धावायला लागतात, नाहीतर बेसमेंट फिनिश करून घेतात. मी कादंबरी लिहायला घेतली. तीही प्रेमकथा. तीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी. (हशा)

हसा, हसा. माझ्या सासूबाईसुद्धा फोनवर अशाच हसल्या होत्या.

आज मला या कादंबरीविषयी बोलायला सांगितलंय. ती अजून छापलेली नाही. चौथा खर्डा चालू आहे आणि नकाराच्या चौदा ईमेल एका फोल्डरमध्ये नीट ठेवल्या आहेत. तेव्हा 'कादंबरी कशी लिहावी' हे सांगायचा मला अधिकार नाही. ती लिहिताना माझ्या घरात काय झालं, तेवढं सांगतो.

सुरुवात झाली आपल्या रविवारच्या मराठी शाळेत. मी मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. एकदा विचारलं, तुम्ही सध्या काय वाचता? मुलांनी भराभर नावं सांगितली. इकडे ज्याला 'यंग अडल्ट' म्हणतात, त्या प्रकारची पुस्तकं. एस. ई. हिंटन या बाईंनी शाळकरी वयात 'द आउटसायडर्स' लिहिली, ती 1967 साली आली, आणि तिथून हा प्रकार रुजला असं पुष्कळ जण मानतात. आपल्या भारतीय मुलांची पुस्तकंही त्यात आहेत. तनुजा देसाई हिदिए यांची 'बॉर्न कन्फ्यूज्ड' 2002 ची. तिची नायिका डिंपल ही न्यू जर्सीतली सतरा वर्षांची मुलगी. निकोला यून यांची 'द सन इज ऑल्सो अ स्टार' 2016 ची. त्यात जमैकात जन्मलेल्या नताशाच्या कुटुंबाला त्याच रात्री देशाबाहेर काढणार असतात आणि त्याच दिवशी तिला न्यूयॉर्कमध्ये डॅनियल नावाचा कोरियन-अमेरिकन मुलगा भेटतो. सगळी कथा जवळजवळ एका दिवसात घडते. मी ती पुस्तकं लायब्ररीतून आणून वाचली. चांगली आहेत. माझ्या वयाच्या माणसाने मेट्रोपार्कच्या फलाटावर उभं राहून वाचावीत आणि गाडी सोडून द्यावी इतकी चांगली आहेत.

पण मी वाचलेल्या पुस्तकांत दोनच तऱ्हेची मुलं होती. एक इथे जन्मलेली, म्हणजे नागरिक. दुसरी कागदपत्रं नसलेली. आपल्या वर्गात तर तिसऱ्या तऱ्हेची मुलंही बसतात. त्यांच्याकडे कागद सगळे आहेत, फक्त कागदांना एक्स्पायरी डेट आहे.

इथल्या निम्म्या लोकांना हे पाठ आहे, उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आई किंवा बाबा एच-वन-बीवर असले की मुलं एच-फोरवर येतात. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि त्यातच बायका-मुलंही मोजतात. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला साधारण 7 टक्के वाटा. भारत असो की लक्झेंबर्ग, टक्का तोच. 1990 च्या कायद्यातला हा हिशोब आहे. त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की ते एच-फोरमधून बाहेर पडतं. 2002 च्या एका कायद्याने वयात थोडी सूट मिळते, पण ती अर्ज तपासण्यात गेलेल्या दिवसांची. रांगेत उभं राहण्यात गेलेल्या वर्षांची नाही. 2012 ची ती 'डाका' योजनाही या मुलांना लागू होत नाही, कारण तिच्यात बसायला 15 जून 2012 रोजी तुम्ही कायदेशीर परवान्याविना इथे असावं लागत होतं. म्हणजे आईबाबांनी सगळे नियम पाळले, हीच अडचण!

तर अशी एक मुलगी मी नायिका केली. तिचं नाव रेवा. चार वर्षांची असताना ठाण्याहून एडिसनला आलेली. आणि नायक टियागो. नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात, पेन स्टेशनच्या मागे फेरी स्ट्रीट आहे ना, तिथे त्याच्या आजोबांची पोर्तुगीज बेकरी. पोर्तुगीजच का? तर मला त्यांची पहिली भेट जमत नव्हती. एक दिवस ओक ट्री रोडवर वडापाव खाताना लक्षात आलं, की पाव आणि बटाटा, दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आलेत. चावी हाही. म्हणजे हा मुलगा रेवाच्या घरी येतो, तिची आई स्वयंपाकघरातून ओरडते, "बटाटे सोललेस का?" आणि पोराचे कान टवकारतात. त्याची आजी बटाट्याला हेच म्हणते! माझं अर्धं काम तिथे झालं. रेवाच्या बाबांच्या तोंडी मी एक वाक्य दिलंय, "चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेऊन यांना घालवलं आणि आता मी दिवाणखान्यात बसवून चहा पाजतोय."

लिहायची पद्धत माझी. एक्सेल शीट केली. प्रत्येक प्रकरण एका ओळीत. कोण, कुठे, काय घडतं, वाचकाला नवीन काय कळतं. एक वेगळा रकाना रेवाच्या वयाचा, कारण तिचं घड्याळ चालू आहे. सोळाव्या वर्षी मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात, समुद्रावर लाइफगार्ड म्हणून उन्हाळी नोकऱ्या धरतात. रेवाला काम करायची परवानगी नाही. ती सगळ्यांना सांगते, "माझे पेरेंट्स स्ट्रिक्ट आहेत." सतराव्या वर्षी लायसन्स. त्यावरची तारीख बाबांच्या व्हिसाच्या तारखेला बांधलेली, म्हणून ती ते कोणाला दाखवत नाही. मग कॉलेजचे अर्ज. सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म तिच्यासाठी नाही. यातलं काही मला शोधावं लागलं नाही. मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आईवडील एकमेकांशी जे हळू आवाजात बोलतात, तेच लिहिलं.

पहिला खर्डा मी मराठीत लिहिला होता. त्यात रेवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या मावशीसारखी बोलत होती. शिवाय ज्यांच्यासाठी लिहायचं त्या मुलांना देवनागरी वाचायला एका पानाला दहा मिनिटं लागतात. म्हणून दुसरा खर्डा इंग्रजीत केला. घरातलं बोलणं तेवढं मराठी ठेवलं. मग आपल्याच शाळेतल्या तिघांना, त्यांच्या आईवडिलांना विचारून, वाचायला दिला.

माझा शेवट असा होता. रेवा वीस वर्षांची, मुदत संपत आलेली. टियागो नेवार्कच्या पेन स्टेशनवर गुडघा टेकून तिला लग्नाचं विचारतो. तो नागरिक आहे. नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ग्रीन कार्डासाठी ती टक्केवारीची रांग लागत नाही. प्रेमाने प्रश्न सुटतो, कादंबरी संपते. मला तो शेवट फार आवडला होता. लिहिताना डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

तिघांनी पुस्तक परत आणून दिलं. पहिला मुलगा फार सभ्य. तो म्हणाला, "काका, बटाट्याचा सीन मस्त आहे." दुसरी मुलगी म्हणाली, "काका, शेवटी ही लव्ह स्टोरी राहतच नाही. फॉर्म भरायची स्टोरी होते."

मला राग आला. पण घरी जाऊन विचार केला, तेव्हा तिचं म्हणणं पटलं. असं लग्न झालं की पुढे काय असतं? ऑफिसर समोर बसवून विचारतो, लग्न खरं आहे का. फोटो दाखवा, बँकेचं जॉइंट खातं दाखवा. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्डही आधी दोन वर्षांचं, अटीवरचं. खोटी लग्नं होतात म्हणून हे नियम आले, ते समजू शकतो. पण वीस वर्षांच्या मुलीच्या बाजूने बघा. टियागो दयेपोटी विचारतोय की प्रेमापोटी, हे तिला कधी कळणार? आणि आपण हो म्हटलं ते नक्की कशाला, हे तिचं तिला तरी कळेल का? इकडे प्रेमकथेचा एक नियम मानतात, की शेवट समाधानाचा आणि आशेचा हवा. मी समाधान दिलं होतं, पण ते इमिग्रेशनच्या खात्याचं समाधान होतं.

तिसरी मुलगी काहीच बोलली नाही. निघताना दारात थांबून तिने एकच प्रश्न विचारला. "काका, रेवाच्या आईबाबांनी तिला आधीच का नाही सांगितलं?"

माझ्या कथेत रेवाला आपली परिस्थिती सोळाव्या वर्षी, उन्हाळी नोकरीचा फॉर्म भरताना कळते. मी म्हणालो, "अगं, कथेसाठी ते लागतं. वाचकाला धक्का बसायला हवा ना." ती बरं म्हणाली आणि गेली.

आता जरा माझ्या घरातलं सांगतो. आम्ही चौघं. माझी थोरली मुलगी 2012 सालची, जन्म पुण्याचा. तीन वर्षांची असताना इकडे आली. धाकटा इथला, न्यू जर्सीत जन्मलेला. भारताचा पासपोर्ट गडद निळा आणि अमेरिकेचाही गडद निळा. चारही पासपोर्ट एका पाउचमध्ये, पाउच बायकोच्या पर्समध्ये. विमानतळावर आम्हीच ते काढतो, आम्हीच दाखवतो. थोरलीला कधी प्रश्न पडला नाही आणि आम्ही कधी विषय काढला नाही. 'लहान आहे, कशाला डोक्याला ताप?' हे आमचं ठरलेलं वाक्य.

म्हणजे मंडळी, मी रात्री अकरा वाजता बेसमेंटमध्ये बसून, मुलीपासून ही गोष्ट लपवणाऱ्या बापाची पात्ररचना करत होतो, आणि सकाळी वर येऊन तिला डबा भरून देत होतो. तिसऱ्या मुलीने विचारेपर्यंत मला हे दिसलं नव्हतं.

दिसल्यावरही मी लगेच काही केलं नाही. मग आला 19 सप्टेंबर 2025, शुक्रवार. तुम्हा सगळ्यांना तो वीकेंड आठवत असेल. नव्या एच-वन-बी अर्जामागे एक लाख डॉलरची ती घोषणा संध्याकाळी आली. सध्या ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना ते लागू नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. मधल्या रात्रीत कोणालाच काही कळत नव्हतं. पितृपक्ष चालू होता. माझा एक सहकारी वडिलांच्या श्राद्धासाठी नाशिकला गेलेला. त्याचा फोन, "मिळेल ते विमान धरून येऊ का रे? उशीर झाला तर आत घेतील का?" मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत मोठमोठ्याने बोलत होतो. आपल्याला जावं लागलं तर घराचं काय, गाडीचं काय, मुलांच्या शाळेचं काय. फोन ठेवला आणि वळून बघितलं, तर थोरली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली.

"बाबा, आपल्याला म्हणजे कोणाला?"

मी म्हटलं, "झोप आता, उद्या बोलू." तिने हातातला आयपॅड माझ्यापुढे धरला. माझी कादंबरी उघडी होती. आमचं क्लाउडचं फोल्डर कॉमन आहे, हे मी इंजिनिअर माणूस विसरलो होतो. तिची नऊ प्रकरणं वाचून झाली होती.

"रेवा म्हणजे मी आहे का?"

त्या रात्री साडेअकराला आम्ही तिघं डायनिंग टेबलापाशी बसलो. बायकोने पाउच आणलं. पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. धाकट्याचा एक आणि आमचे तीन. मी नेहमीच्या सवयीने कागदावर टाइमलाइन काढली. माझा रांगेतला नंबर 2018 चा. 2025 च्या ऑगस्टच्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीयांची ईबी-टूची तारीख होती 1 जानेवारी 2013. म्हणजे 2012 संपेपर्यंत ज्यांनी नंबर लावला, त्यांची पाळी आलेली. मधे पाच-सहा वर्षांचे लोक. रांग वर्षाला वर्ष अशी सरकत नाही, कधी थांबते, कधी चक्क मागे जाते. आणि ती एकवीस वर्षांची होणार 2033 मध्ये. जमेल की नाही, मला सांगता येत नाही. हे वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदा बोललो. "बाबाला सांगता येत नाही."

मला वाटलं होतं रडेल. ती चिडली, पण व्हिसावर नाही. म्हणाली, "तू हे पुस्तकात सगळ्यांना सांगितलंस आणि मला नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "रेवाचं शेवटी काय होतं?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." "मग ठरव. पण मला विचारून." आणि झोपायला गेली. धाकट्याला सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी तो मला विचारायला आला, की माझा पासपोर्ट ताईला वापरता येईल का.

तर चौथा खर्डा आम्ही दोघं मिळून करतोय. पहिली गोष्ट तिने बदलायला लावली ती हीच, की रेवाला पहिल्याच प्रकरणात सगळं ठाऊक असतं. मी म्हटलं, अगं, मग धक्का कुठला? ती म्हणाली, "टियागोला कधी सांगायचं, हा सस्पेन्स आहे की." बरोबर होतं. आईबापांनी लपवलं तर मुलगी नुसती बळी ठरते. तिला माहीत असेल तर तिला ठरवता येतं. कोणावर विश्वास ठेवायचा, कधी सांगायचं, काय मागायचं, काय मागायचं नाही. प्रेमकथेला एवढंच लागतं.

टियागो अजूनही पेन स्टेशनवर लग्नाचं विचारतो. पण आता रेवा म्हणते, "हा प्रश्न मला पंचविसाव्या वर्षी विचार. तेव्हाही विचारावासा वाटला, तर तो माझ्यासाठी असेल." आणि ती विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसासाठी मुंबईला जाते. बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या वकिलातीच्या रांगेत उभी राहते. पुढे-मागे सगळी मुलं पहिल्यांदा अमेरिकेला निघालेली, आणि ही एकटी घरी परत जायला उभी. पण एफ-वनचा नियम असा, की आपलं घर परदेशात आहे आणि ते सोडायचा विचार नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. तेव्हा जिथे वाढली ते घर नाही आणि जिथून चौथ्या वर्षी निघाली ते घर आहे, असं तिने खिडकीपलीकडच्या माणसाला सांगायचं. ती ठाण्याच्या आजीच्या फ्लॅटचा पत्ता सांगते. रात्री आजीकडे मुगाची खिचडी खाताना तिच्या लक्षात येतं, की आपण खोटं बोललो नाही. हेही घर आहेच. एका माणसाला एकच घर हवं, हा हट्ट फॉर्मचा आहे.

व्हिसा मिळतो की नाही, ते आज सांगत नाही. आमचा वाद चालू आहे. शेवटचं वाक्य मात्र ठरलंय. आपल्याकडे मराठी घरात 'आय लव्ह यू' कोणी म्हणत नाही. माझ्या आईने मला आजवर म्हटलेलं नाही. ती म्हणते, "पोचलास की फोन कर." रेवा मुंबईला निघते तेव्हा नेवार्क विमानतळावर टियागो, कित्येक आठवडे तिच्या आईकडून घोकून घेतलेलं, एकच मराठी वाक्य म्हणतो. "पोचलीस की फोन कर." 'ळ' आणि 'च' त्याला अजून जमत नाहीत. वाक्यात 'ळ' नाही, हे नशीब.

थांबतो आता. इथे बसलेल्यांपैकी ज्यांची मुलं एच-फोरवर आहेत, त्यांना एक विनंती. वकिलाचा सल्ला वकिलाकडूनच घ्या, माझ्याकडून नको. पण मुलांना सांगा. त्यांनी पहिल्या लायसन्सचा, पहिल्या नोकरीचा फॉर्म हातात घ्यायच्या आत सांगा. नाहीतर तो फॉर्म सांगेल, आणि फॉर्मला सांगायची रीत नसते. आपल्याला उत्तर माहीत नसेल तर तेही सांगा. आपण त्यांना काळजीपासून वाचवतोय असं आपल्याला वाटतं. माझ्या मुलीने मला दाखवलं, की मी तिला काळजीपासून वाचवलं नव्हतं, फक्त तिच्या काळजीत एकटं सोडलं होतं. जिन्यावर बसून ती कितीदा काय ऐकत आली होती, ते मला अजूनही पुरतं माहीत नाही.

कादंबरी छापली गेली तर सगळ्यांना सांगेनच. नाही छापली गेली, तरी तिचा एक वाचक मला मिळाला, आणि तो माझ्याच घरात राहतो.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. गाड्या सावकाश चालवा. आणि पोचलात की फोन करा.